कापसातला राजमा मरतोच. मग मुलांना झाड दाखवायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पहिली-दुसरीची चाळीस मुलं, अंगण नाही, एक व्हरांडा आणि उन्हाच्या दोन खिडक्या. कापसावर राजमा रुजवला, मुलं चार दिवस नाचली आणि दोन-तीन आठवड्यांत रोपांनी माना टाकल्या. ‘मूळ, खोड, पान, फूल, फळ’ सगळ्यांना तोंडपाठ, पण बाहेर मोठ्या झाडाखाली उभं केलं तर एकही मूल मान वर करून बघत नाही. चुकतंय कुठे?

आधी राजम्याचं सांगते, कारण त्यात तुमची चूक नाही. कापसातलं रोप मरायचंच असतं. राजम्याच्या दाण्यातली दोन जाड दलं म्हणजे रोपाची शिदोरी. तिच्यावर पहिले दहा-पंधरा दिवस निघतात. मग दलं सुरकुततात, गळून पडतात, आणि पुढे लागणारी खनिजं कापसात नसतात. तोवर मुळं कापसात अशी गुंततात की कुंडीत हलवायला गेलं की बारीक मुळं तुटून कापसातच राहतात. आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आपण आणखी पाणी ओततो, आणि मुळं गुदमरतात. रुजणाऱ्या बीलाही श्वासाला हवा लागते. पाण्यात बुडालेला दाणा कुजतो तो त्यामुळेच.

त्याऐवजी काचेची बरणी घ्या. आतून टिपकागदाची गुंडाळी बसवा, गुंडाळी सैल पडू नये म्हणून मध्ये चुरगळलेला कागद भरा, तळाला दोन बोटं पाणी. रात्रभर भिजवलेले दाणे काच आणि कागद यांच्यामध्ये, पाण्याच्या वर, एकमेकांपासून लांब सरकवा. कागद पाणी वर ओढत राहतो, दाणा ओला राहतो पण बुडत नाही, आणि मुळं काचेतून दिसतात. शनिवार-रविवारची सुट्टीही बरणी सहज काढते. एका बरणीत आठ दाणे घाला. दोन-तीन रुजणार नाहीत, एखाद्याला बुरशी लागेल, तो काढून टाका. पहिली खरी पानं उघडली की रोपं मातीत हलवा, कागदावरून मुळं अलगद सुटतात.

हा झाला जुगाडाचा भाग. खरी अडचण वेगळी आहे, आणि ती समजली तर पुढचे उपक्रम निवडणं सोपं जातं. लहान मुलाच्या लेखी जे हलतं ते जिवंत. पियाजे या मानसशास्त्रज्ञाने मागच्या शतकाच्या सुरुवातीला मुलांशी बोलून हे नोंदवलं: सूर्य, ढग, वारा त्यांना जिवंत वाटतात, कारण ते जागचे हलतात. झाड आपलं उभं आहे. वर्गात विचारून बघा. ‘कुत्रा जिवंत आहे का?’ सगळे हो. ‘झाड?’ तिथे वर्ग फुटतो. ‘बी?’ तिथे तर बहुतेक नाहीच म्हणतात. मोठ्यांचंही फार वेगळं नाही. झाडं समोर असून नजरेत न येण्याला १९९९ मध्ये वँडरसी आणि शुस्लर या दोन अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी ‘झाडांबाबतचं आंधळेपण’ अशा अर्थाचं नावच दिलं.

झाड हलतं, पण त्याच्या चालीने. मूल धावतं. या दोघांची गाठ घालून देणं हे आपलं काम, आणि उपक्रम निवडताना मी एवढंच विचारते: यात झाडाची हालचाल मुलाला दिसणार आहे का? दिसणार नसेल तर उपक्रम कितीही रंगीत असो, मी सोडून देते. कागदी झाडाला हिरवी पानं चिकटवण्याचा तास मी बारा वर्षांपूर्वी बंद केला. हस्तकलेच्या तासाला जरूर करा, पण ते झाड शिकवणं नव्हे.

बरणी लावायच्या आधी एक तास नुसत्या दाण्याला द्या. हा तास मला सगळ्यात जास्त आवडतो. प्रत्येकाला एक कोरडा आणि एक भिजलेला दाणा. आधी न फोडता विचारा, ‘आत काय असेल?’ आणि चित्र काढून घ्या. माझ्याकडच्या चित्रांत आत पीठ असतं, पाणी असतं, अख्खं फूल असतं, एकदा तर लहान राजमा आणि त्याच्या आत आणखी लहान राजमा होता. मग भिजलेल्या दाण्याच्या पोटावरचा पांढरट डोळा दाखवा. तिथे तो शेंगेला चिकटलेला होता. दाणा चिमटीत हलकेच दाबला की डोळ्याशेजारून पाण्याचा बारीक थेंब येतो, तिथे सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं. मग नखाने साल काढायची, दोन दलं अलगद वेगळी करायची. एका दलाच्या कडेला चिकटलेलं ते बोटाच्या पेरापेक्षाही लहान काहीतरी दिसतं: खाली टोकदार मूळ आणि वर घडी घातलेली, शिरा असलेली दोन पानं. साधं भिंग असलं तर शिरासुद्धा मोजता येतात. त्या क्षणी वर्गात जी शांतता होते तिच्यात बोलू नका. दोन मिनिटं जाऊ द्या. कुणीतरी म्हणेलच, ‘बाई, हे आधीपासून आत होतं?’

तेवढा प्रश्न आला की तास वसूल. ‘हा भ्रूण, हे बीजपत्र’ ही नावं दुसऱ्या दिवशी सांगितली तरी चालतात. नाव लवकर हाती दिलं की मूल बघायचं थांबतं, असा माझा अनुभव आहे. कागदावर नाव लिहून झालं म्हणजे काम संपलं, असं त्याला वाटतं.

बरणीत मूळ दोन-तीन सेंटीमीटर झालं की बरणी आडवी करायची. हातचं न राखता सांगते, सहा वर्षांच्या मुलांसाठी याच्याइतका चांगला प्रयोग मला माहीत नाही. आडवी करण्याआधी प्रत्येकाने बोटाने दाखवायचं: मूळ आता कुठे जाईल? सरळ जाईल, थांबेल, मरेल, सगळी उत्तरं फळ्यावर. काचेवर मूळ होतं त्या जागी रंगीत पेनाने रेघ. दुसऱ्या दिवशी सकाळी टोक खाली वळलेलं असतं, रेघ सोडून. आणि कोंब वर. पुन्हा फिरवा, पुन्हा वळतं. मुळाचा चक्क जिना तयार होतो. पाण्याकडे वळलं असेल, असं चुणचुणीत मूल म्हणेल, आणि तो अंदाज चांगलाच आहे. तेव्हा मी त्यांना टॉमस नाइटची गोष्ट सांगते. १८०६ साली या इंग्रज माणसाने ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या चाकाला बिया बांधल्या. चाक गरगर फिरत होतं, मुळं बाहेरच्या दिशेला गेली आणि कोंब मधल्या आसाकडे. पाणी सगळीकडून सारखंच उडत होतं, तरी मुळांनी दिशा पकडली. ‘चक्रात बसल्यावर आपण बाहेर ढकलले जातो, तसंच?’ असं एका मुलीने विचारलं होतं. तसंच. मूळ ओढ असते तिकडे जातं: चाकावर ती ओढ बाहेरच्या दिशेला, आपल्या बरणीत खाली. गुरुत्वाकर्षण हा शब्द न उच्चारता ती तिथे पोहोचली होती.

पुढचा प्रयोग बहुतेक शिक्षक करतात आणि तोंडघशी पडतात. ‘रोपाला उजेड लागतो’ हे दाखवायला एक बरणी खिडकीत, एक कपाटात. आठवड्याने कपाट उघडलं तर कपाटातलं रोप खिडकीतल्यापेक्षा उंच! मुलं ओरडतात, ‘अंधारातलं जिंकलं!’ मी नवखी होते तेव्हा ‘प्रयोग चुकला’ म्हणून बरणी उचलून ठेवली होती. आज तो प्रसंग आठवला की लाज वाटते, कारण चुकलेली मी होते. राजमा, मूग, मका या बिया रुजायला उजेड लागतच नाही. जमिनीत कुठे असतो उजेड? आणि अंधारातलं रोप उजेड गाठायच्या घाईत सगळी शिदोरी खोड लांबवण्यात उधळतं. म्हणून ते उंच, पण पिवळं, लुळं, पानं चिमटलेली. आता मी फक्त दोन्ही रोपं शेजारी ठेवते आणि ‘उंच कोण?’च्या जोडीला ‘तुम्हाला यातलं कोण व्हायला आवडेल?’ एवढं विचारते. मग दोघांनाही खिडकीत ठेवायचं. पिवळं रोप एक-दोन दिवसांत हिरवं व्हायला लागतं. हे बघायला मुलं मधल्या सुट्टीत स्वतःहून येतात.

उंची मोजायला फूटपट्टी देऊ नका. रोज रोपाच्या उंचीएवढी कागदाची पट्टी कापायची, तारीख लिहायची आणि चार्टपेपरवर शेजारी शेजारी चिकटवायची. दहा दिवसांनी वाढीचा जिना भिंतीवर उभा राहतो. मधल्या एका दिवसात पट्टी एकदम मोठी झालेली दिसते, आणि आलेख म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. एखादं रोप मेलं तर त्याचीही पट्टी चार्टवर ठेवा. मेलेलं रोप गुपचूप बदलून तिथे नवं ठेवणारे शिक्षक मी पाहिले आहेत. मुलांच्या ते लक्षात येतं, आणि मग त्यांचा तुमच्यावरचा विश्वास जातो.

आता मोठ्या झाडांकडे. तुमच्या मुलांनी वर मान केली नाही, कारण वर बघून करायचं काय हे त्यांना माहीत नव्हतं. ‘झाडाचं निरीक्षण करा’ हे मोठ्या माणसालाही जमत नाही. त्यांना एक लहानसं, हातात मावणारं काम द्या. माझं पहिलं काम नेहमी एकच असतं. सहा-सात जणांचा गट, प्रत्येकाने त्याच झाडाखालून एकेक गळलेलं पान उचलायचं. पाच मिनिटं आपलं पान नीट बघून ठेवायचं, खूण करायची नाही. मग गटाची सगळी पानं एकत्र करून कालवायची आणि ज्याने त्याने आपलं पान शोधायचं. सुरुवातीला ओरड होते, ‘सगळी सारखीच आहेत!’ आणि मग शोधतात. एकाच्या पानाला अळीने खाल्लेलं अर्धगोल भोक, दुसऱ्याच्या टोकाला सुरकुती, कुणाची मधली शीर जरा वाकडी, कुणाच्या देठावर तपकिरी ठिपका. सापडलं की ते पान घरी न्यायची परवानगी मागतात. चार आण्याचाही खर्च नसलेला हा खेळ वर्षातून तीनदा केला तरी शिळा होत नाही, कारण झाड बदललं की पानं बदलतात.

इथे आपल्या भाषेची एक गंमत वापरून घ्या. मराठीत मिरचीचंही झाड असतं आणि वडाचंही झाडच. पण गवत? वेल? शेवाळं? फळ्यावर ‘झाड’ आणि ‘झाड नाही’ असे दोन भाग करा, चित्रं किंवा खऱ्या वस्तू द्या आणि मुलांना वाटून लावू द्या. गाजर कुठे ठेवायचं यावरून भांडण होतं. गाजर हे मूळ आहे हे सांगून भांडण मिटवायची घाई करू नका. गाजराचा वरचा चकती-तुकडा बशीतल्या पाण्यात ठेवा, चार-पाच दिवसांत हिरवा तुरा फुटतो. मग मुलंच गाजर ‘झाड नाही’मधून उचलून ‘झाड’मध्ये नेतात.

मोठ्या झाडापाशी विचारायचा माझा ठेवणीतला प्रश्न: या खोडावर तुमच्या खांद्याएवढ्या उंचीवर एक जुना खिळा आहे. दहा वर्षांनी तो कुठे असेल? (खिळा मी ठोकत नाही, जुनी खूण, तारेचा वळ, फांदी छाटल्याचा डाग, काहीतरी सापडतंच.) मुलंच काय, पालकसभेतले पालकही ‘वर गेलेला असेल’ म्हणतात. तो तिथेच असतो. झाड उंच होतं ते फांद्यांच्या शेंड्यांशी. खालचं खोड फक्त जाड होतं, सालीच्या आतल्या पातळ थरातून. म्हणून खिळा वर जात नाही, उलट झाड त्याला हळूहळू गिळतं. हे ऐकल्यावर मुलं पहिल्यांदा शेंड्याकडे बघतात. तुम्हाला हवी होती ती वर झालेली मान.

त्यासोबत दोरी. खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजायची आपल्याकडच्या वनखात्यांची पद्धत आहे. तुम्ही त्याच उंचीवर खडूने खूण करून सुतळी गुंडाळा, जिथे टोकं भेटतात तिथे कापा, तारखेची चिठ्ठी बांधून पाकिटात ठेवा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा. नवी सुतळी जुनीपेक्षा काही मिलिमीटर ते दोन-तीन सेंटीमीटर लांब निघते. हा उपक्रम एका वर्गाचा नाही, शाळेचा आहे: यंदाची पहिली पुढच्या पहिलीला पाकीट देते. एक सावधगिरी, त्यासाठी ताड-माडासारखं झाड निवडू नका; त्यांची खोडं अशी वर्षागणिक जाड होत नाहीत आणि मुलं हिरमुसतात.

खिडकीतून फांदी हाताशी येत असेल तर उन्हातल्या पानांच्या डहाळीला पारदर्शक पिशवी घालून तोंड बांधा, शेजारी तशीच एक रिकामी पिशवी. तासाभरात पानांच्या पिशवीत धुकं धरतं, मग थेंब. दोन-तीन तासांत पिशवी काढून टाका, नाहीतर पानं उकडतात. पांढऱ्या फुलाचा देठ रंगीत पाण्यात ठेवायचा प्रयोग तुम्ही केलाच असेल. तो पिशवीच्या आदल्या दिवशी करा, म्हणजे पाणी वर चढलं आणि पानातून बाहेर पडलं ही एकच गोष्ट होऊन जाते.

प्रकाशसंश्लेषणाचं काय, असं तुम्ही विचारणार. या वयात मी ते शिकवत नाही. ‘पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर’ आणि ‘खत म्हणजे झाडाचं जेवण’ ही दोन वाक्यं आपण एकाच आठवड्यात सांगतो आणि मुलांचा पक्का समज होतो की झाड माती खाऊन वाढतं. हा समज नववी-दहावीतही सुटत नाही. समज घट्ट होऊ द्यायचा नसेल तर हेल्माँटची गोष्ट सांगा. बेल्जियमच्या या वैद्याने २०० पौंड कोरडी माती कुंडीत भरली, तिच्यात विलो नावाच्या झाडाचं ५ पौंडांचं रोप लावलं, पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं सुमारे १६९ पौंडांचं. माती पुन्हा वाळवून तोलली तर घट होती जेमतेम दोन औंसांची. गोष्ट इथे थांबवा आणि विचारा, ‘मग एवढं झाड आलं कुठून?’ त्याला स्वतःला वाटलं, पाण्यातून. १६४८ मध्ये, तो गेल्यानंतर, हे छापून आलं आणि तेव्हा हवेचा वाटा कुणालाच माहीत नव्हता. ‘हवेतून’ हे उत्तर पहिलीतल्या मुलाला पटत नाही, पटायची गरजही नाही. पण माती तेवढीच राहिली हे डोक्यात राहतं, आणि चौथी-पाचवीत त्याचा उपयोग होतो.

‘झाडं आपल्याला ऑक्सिजन देतात, सावली देतात, फळं देतात’ हे पाठांतर मला फारसं आवडत नाही. खोटं काही नाही त्यात. पण सहा वर्षांच्या मुलाला झाडाची ओळख दुकान म्हणून का करून द्यायची?

चाळीस मुलांचं गणित: सहा बरण्या, सहा गट, प्रत्येक बरणीला मुलांनी दिलेलं नाव. पाणी घालायची पाळी लावू नका, पाणी ‘बघायची’ पाळी लावा. पाणी खुणेच्या खाली गेलं असेल तरच घालायचं. सगळ्यांनी प्रेमाने घातलेल्या पाण्याने जेवढी रोपं मेली आहेत तेवढी उन्हाने मेली नसतील. रोजचं निरीक्षण पाच मिनिटांचं असू द्या, प्रार्थनेनंतर लगेच. आठवड्यातून एकदा अर्धा तास दिला तर मुलांना वाढीच्या उड्या दिसतात, वाढ दिसत नाही.

सुरक्षेचं मात्र वर्गात स्पष्ट सांगा. काहीही तोंडात, नाकात, कानात घालायचं नाही. कच्चा राजमासुद्धा विषारी असतो, थोडे दाणे चावून खाल्ले तरी उलट्या होतात. शिजवल्यावरच तो खाण्याजोगा होतो. गुंज, एरंड, कण्हेर, धोतरा यांच्या बिया वर्गात आणूच नका, गुंज कितीही सुंदर दिसली तरी. पेरणीच्या पाकिटातल्या गुलाबी-निळ्या रंगाच्या बियांना बुरशीनाशक चोळलेलं असतं, त्या टाळा. तीन-चार वर्षांची भावंडं वर्गात येत असतील तर मूग नको, राजमाच बरा. लहान बी नाकात लवकर जाते.

शेवटी तुम्ही विचारलं आहे की मुलांना कळलं की नाही हे तपासायचं कसं, कारण भागांची नावं तर त्यांना आधीही येत होती. वर्षाच्या पहिल्या दिवशी काहीही न सांगता ‘एक झाड काढा’ म्हणा आणि कागद जपून ठेवा. बहुतेकांचं झाड सारखंच असेल: तपकिरी खांब, वर हिरवा ढग, लाल गोळे. चार महिन्यांनी पुन्हा तेवढंच सांगा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. चित्र सुंदर झालं का ते बघू नका. जमिनीखाली काही काढलंय का, फांदी खोडातून निघते की ढगातून, सगळी पानं एकाच मापाची आहेत का, हे बघा. मागच्या वर्षी एका मुलाचं दुसरं चित्र पहिल्यापेक्षा कितीतरी कुरूप होतं. खोड वाकडं, पानांना भोकं, एक फांदी तुटलेली. ‘हे असं का रे?’ म्हटलं, तर म्हणाला, ‘बाई, हे आपल्या फाटकाजवळचं आहे. पहिलं कुठलंच नव्हतं.’